जेवताना काढलेला मास्क

यशवंतपूरच्या एका इस्पितळात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या पाठीमागे एक वयस्क नवरा-बायको बसले होते. त्यांचा मुलगा आत होता.

“या नव्या व्हायरसला मास्कनं काय होतंय, सोयरा? विराज घरातसुद्धा मास्क काढत नव्हता. तरी त्यालाच झालं. मी कधी घातला नाही, बघ, ठणठणीत आहे.”

“ठणठणीत? मग आठवडाभर घरात खोकत कोण हिंडत होतं?”

“साधा ताप होता तो. आलं-मिरी उकळून स्वल्प कषाय घेतलं, उतरला.”

“उतरला नाही. पोराच्या छातीत जाऊन बसला.”

“म्हणजे मी दिला? त्याच्या तोंडाला मास्क होता की!”

“आणि जेवताना?”

“जेवताना कोण घालतं?”

“म्हणूनच तो म्हणत होता, अप्पा, माझं ताट खोलीत द्या. तुम्ही काय म्हणालात? बापाचा विटाळ होतो काय रे तुला? मास्क काढायला लावून शेजारी बसवलंत. खोकत खोकत वाढलंत त्याला!”

“आपल्या घरची रीत आहे ती. बाप-लेक एका पंगतीला बसतात.”

“जाळा ती रीत!”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“विराजच्या घरचे कोण? तो जेवायला तयार नाही. अप्पा शेजारी बसले तरच जेवतो म्हणतोय. मास्क घालून एकजण आत या.”

पाठीमागचा बाक करकरला.

“सोयरा, पिशवीत मास्क आहे काय गं?”

“आहे. नाकावरून घ्या. आणि तो कितीही म्हणाला, तरी काढायचा नाही.”