मधेच मोजलं, आणि शिवहार गेला

या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि वसमतच्या आमच्या वेबसाईट ऑफिसचे मालक आदरणीय सोमेश्वर सर, व्यासपीठावर बसलेल्या धम्मदीपच्या आई जनकाबाई, आजचा उत्सवमूर्ती धम्मदीप, आणि कुरुंद्याहून खास आलेल्या मंडळींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी संध्या. सात वर्षं याच ऑफिसात वेबसाईट बनवते. धम्मदीप सोमवारी बंगळुरूला क्वांटम संगणकाच्या कामावर रुजू होतोय. त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय, पण सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. त्या शब्दांआधी एक गोष्ट सांगून टाकायचीय.

जनकाबाई, तुमचा मुलगा दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर आम्हा सहा जणांना क्वांटम शिकवायचा. यानं वेबसाईट वेगानं उघडणार नाही, काही ठरावीक गणितांनाच याचा उपयोग, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. आपल्या नेहमीच्या संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा कण, म्हणजे बिट, शून्य असतो किंवा एक. क्वांटम संगणकातला त्याचा भाऊ क्युबिट, तोही मोजल्यावर शून्य किंवा एकच देतो. मोजण्याआधी मात्र दोन्हीकडच्या वाटा खुल्या असतात, आणि त्या एकमेकींना बळ देतात किंवा पुसून टाकतात. चुकीच्या उत्तराच्या वाटा पुसल्या जातील अशी रचना करायची, हेच या प्रोग्रामिंगचं काम. आज किती सहज बोलतेय, नाही का? जूनमध्ये मला यातलं काही उमगलं नव्हतं.

जूनमधल्या एका शनिवारी धम्मदीपची मुलाखत होती. वर्ग त्यानं माझ्यावर सोपवला. प्रयोग साधा. शून्यावरच्या क्युबिटला हॅडमर्ड नावाचं गेट, म्हणजे एक ठरलेली क्रिया, दोनदा लावायचं. पहिल्यानं दोन्ही वाटा खुलतात, दुसऱ्यानं एककडची वाट पुसली जाते. हजार वेळा चालवलं तर हजार वेळा शून्यच यायला हवं. पण कोड चालताना मधे काय घडतंय ते छापून बघायची आपली सवय. मी दोन गेटच्या मधे मोजमाप टाकलं. आले निम्मे शून्य, निम्मे एक. तीनदा चालवलं, तेच.

आमच्यातला शिवहार म्हणाला, "मॅडम, धम्मदीपभाऊनं तर वेगळं सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे बघून राहिले होते. मी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "थोतांड आहे हे सगळं. पोटापाण्याचं बघा."

शिवहार वर्गाला पुन्हा आला नाही. महिन्याभरात ऑफिसही सोडलं. आता आखाडा बाळापूरला मोबाईल दुरुस्त करतो.

त्या सोमवारी धम्मदीपनं माझा कोड बघितला. "ताई, तुमी मधात मोजलं. मोजलं की वाटा मोडतात, मग पुसायला काही उरतच न्हाई." एवढंच. रागावला नाही. पण "शिवहार काहून येत न्हाई?" असं तीन शनिवार विचारत राहिला, आणि मी तिन्ही वेळा "माहीत नाही" म्हणाले.

काल बाळापूरला गेले. शिवहारच्या मोबाईलवर मधलं मोजमाप काढून दाखवलं. हजार शून्यं. चूक माझी होती, असं सांगितलं. त्यानं स्वतः पुन्हा एकदा चालवून बघितलं.

"इतके दिवस काहून न्हाई सांगितलं?"

  मी शनिवारी येशील का, एवढंच विचारलं. "बघतो," म्हणाला. तो आज इथं आलेला नाही.

धम्मदीप, जाताना तू हा वर्ग माझ्याकडे देत होतास आणि मी दोनदा नाही म्हणाले, ते यामुळे. हे ऐकूनही द्यावासा वाटत असेल तर मान हलव.

हलवली. बरं. मग शनिवारी पाच वाजता वर्ग होईल. एकच जण आला तरी होईल.

दर आठवड्याला ऑफिस आणि प्रोजेक्टर मोकळा ठेवल्याबद्दल सोमेश्वर सरांचे आभार, आणि मुलाला इतक्या लांब धाडणाऱ्या जनकाबाईंचे त्याहून जास्त. निरोपाच्या मंचावर मी स्वतःचंच गाऱ्हाणं मांडत बसले, तेवढं सांभाळून घ्या. थांबते.