फॉर्मॅटची ओळ

नणंद — आवाज खाली. बाहेर कामगार ऐकतायत.

भावजय — ऐकू देत की! हॉस्पिटलवाल्यांना माझं नाव सांगताना केला होतात का आवाज खाली? आमच्या भावजयीनं घोळ घातला, असंच म्हणालात ना, वन्सं?

नणंद — मग काय सांगायचं होतं? लिफ्ट चालवणारी आपली नवी कार्डं बसवली आणि एकही लिफ्ट हलेना. पेशंट जिन्यावरून उचलून न्यावे लागले. प्रोग्रामचे तुकडे जोडून कार्डाची फाइल काढतो त्या लिंकरची स्क्रिप्ट तुझी.

भावजय — माझीच! ही बघा पहिली ओळ. तयार फाइल कुठल्या फॉर्मॅटमध्ये निघायची, ते लिहिलंय. एस-रेकॉर्ड. त्यात ओळीओळीला पत्ता असतो, चिपमध्ये कुठे जाऊन बसायचं त्याचा.

नणंद — मग बसली का नाही?

भावजय — कारण निघाली ती ही फाइलच नाही! उघडून बघा. पत्ता नाही न काही नाही, नुसता कच्चा माल. बायनरी. फाइल बनवायच्या, बिल्डच्या कमांडमध्ये फॉर्मॅट बायनरी कोणी घातला?

नणंद — ते होय? मी घातला. तुझ्या फाइलनं चिप भरायला फार वेळ लागायचा, चिपा भरणाऱ्या मुली कंटाळायच्या. जुन्या कार्डांवर चाललं की झकास.

भावजय — जुन्यांचा प्रोग्राम शून्य पत्त्यापासूनच सुरू होतो, म्हणून चाललं! नव्यांत शून्यावर कार्डाला जागं करणारा प्रोग्राम आहे. पत्ता नाही म्हटल्यावर चिप भरणाऱ्या मशीननं तुमची फाइल नेऊन त्याच्याच बोकांडी बसवली. तो पुसला गेला. कार्ड ठार!

नणंद — पण स्क्रिप्टमध्ये तुझी ओळ होती ना? तिनं का नाही अडवलं?

भावजय — कमांडमध्ये सांगितलं की स्क्रिप्टला कुत्रं विचारत नाही. लिंकर हूं की चूं करत नाही. आणि मला सांगायची तुम्हाला गरज वाटली नाही.

नणंद — एका शब्दासाठी काय सांगायचं तुला?

भावजय — त्या एका शब्दापायी माझं काम जातंय! हॉस्पिटलवाले म्हणाले तिला काढा, आणि तुम्ही हो म्हणून मोकळ्या. घरी येऊन माझ्याच हातचा चहाही प्यायलात. लाज नाही वाटली?

नणंद — ऑर्डर हातची गेली असती गं.

भावजय — मग सांभाळा ऑर्डर. मी निघाले.

नणंद — थांब. अगं, थांब म्हणते ना! फोन लावते.

(नणंद नंबर फिरवते. भावजय दारात उभी.)

नणंद — हॅलो... हो, कार्डांचंच. चूक सापडली. नाही, तिची नव्हे. माझी... हो, मीच. तिला न विचारता केलं... नाही साहेब, तिला काढणार नाही. ऑर्डर रद्द करायची तर करा... संध्याकाळपर्यंत कार्डं दुरुस्त करून? ते तिला विचारून सांगते.

(भावजय दारातून परत आत येते.)

नणंद — ऐकलंस ना? आता तो शब्द खोडते मी.

भावजय — तुम्ही नको. खुर्ची सोडा.