मॅटवरची थाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आयुक्त साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आमच्या उपायुक्त मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान व कन्या, दलातील आणि कार्यालयातील माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी उभी हयात या दलाच्या प्रशासन विभागात गेली. आयुष्यात जे काही बळ मी वापरले असेल, ते स्टेपलरवर. असे असताना, पोलिसांनी बळ केव्हा आणि कुठवर वापरावे याचे नवे धोरण ठरवण्याचा प्रकल्प मॅडमकडे आला, तेव्हा समितीचा सदस्य-सचिव म्हणून त्यांनी मला का निवडावे? हा प्रश्न माझ्या पत्नीलाही पडला होता. मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाक्यात 'शक्यतो' हा शब्द सहन होत नाही, म्हणून." ही गोष्ट बाहेर फुटली आणि समितीत माझे नाव 'शक्यतोसाहेब' पडले. ते आजही आहे. मागच्या रांगेतून आलेले हसू मी त्याचाच पुरावा समजतो.

हे काम का हाती घ्यावे लागले, ते दलातल्या सर्वांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याच शहरात घड्याळे दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याला मनाचा आजार होता आणि त्यावर औषध चालू होते. एका सकाळी औषधांच्या दुकानात त्याच्या गोळ्या शिल्लक नव्हत्या. त्याने आरडाओरडा केला, काउंटरवरची काच फोडली. आपले शिपाई आले. त्यांनी त्याला रस्त्यावर पालथे पाडले, एका हाताला बेडी घातली आणि पाठीवर गुडघा ठेवला. शिपाई उठले. तो उठला नाही. चौकशी अहवालात एक वाक्य आले : 'मयताने हात आपटून सतत प्रतिकार केला.'

मॅडमनी समितीत त्याच्या मोठ्या बहिणीला घेतले. त्या शाळेत भूगोल शिकवतात; आम्ही सारे त्यांना ताई म्हणतो. आमच्यातल्या अनुभवी मंडळींनी नाराजी दाखवली. एक जण म्हणाले, "मॅडम, घरचं माणूस समोर बसलं की मोकळेपणानं बोलता येत नाही." मॅडमनी उत्तर दिले, "त्यांच्यासमोर जे बोलता येत नाही, ते आपण धोरणात कसं लिहिणार?"

मॅडमची दुसरी अट अधिक अवघड होती. ज्याला एखाद्या नियमावर मत द्यायचे असेल, त्याने आधी त्या नियमाखाली पडून पाहायचे. त्यामुळे आमच्या बैठका सभागृहात कमी आणि प्रशिक्षण केंद्राच्या व्यायामशाळेत जास्त झाल्या. माझी पाळी आली. तिथले मास्तर, ज्यांच्या हाताखालून निम्मे दल गेले आहे, मला म्हणाले, "साहेब, चष्मा काढून ठेवा. पुरे झालं की मॅटवर थाप मारायची, मी लगेच सोडतो." मी पालथा पडलो. रबराचा आणि अनेकांच्या पायांचा वास नाकात गेला. मी तत्काळ थाप मारली. मास्तर म्हणाले, "साहेब, मी अजून हात लावला नाहीये."

दुसऱ्या वेळी त्यांनी हात लावला. श्वास बाहेर गेला तो आत येईना. तेवढ्या वेळात मला धोरण, समिती, हुद्दा यांतले काहीही आठवले नाही, एवढे प्रामाणिकपणे नमूद करतो. मी थाप मारली आणि मास्तरांनी त्याच क्षणी सोडले.

बाकावर बसलेल्या ताईंनी विचारले, "सरांनी आत्ता हातानं काय केलं?"

मास्तर अभिमानाने म्हणाले, "ताई, ही आमची पद्धत आहे. जोडीदारानं थाप मारली की पकड सुटलीच पाहिजे. हाताला तशी सवयच लागते."

"आणि थाप नाही आली तर?"

"तर धरून ठेवायचं."

ताई म्हणाल्या, "दुकानाच्या कॅमेऱ्यात माझा भाऊ दिसतो. त्याचा एक हात सुटा होता. तो रस्त्यावर आपटत होता. मॅटवर आपटला की पुरे, आणि रस्त्यावर आपटला की प्रतिकार, असं आहे का?"

मास्तर मॅटवरच खाली बसले. "माझ्याच हातची पोरं आहेत ती," एवढेच ते म्हणाले.

मित्रहो, आमची चूक तिथे उघडी पडली. कधी थांबायचे हे ठरवण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे खाली दबलेल्या माणसावर सोपवले होते. वरच्याला स्वतःहून थांबायला आम्ही कधी शिकवलेच नव्हते. मॅडमनी सरावातली थाप बंद केली. आता बेडी लागताच माणसाला कुशीवर वळवायचे. एका शिपायाने कोणालाही हात न लावता फक्त त्याचा श्वास पाहायचा. तो 'सोडा' म्हणाला की हुद्दा न पाहता सर्वांनी सोडायचे. या नियमात 'शक्यतो' नाही.

हा नियम लागू झाल्यावर बाजारपेठेत असाच एक झटापटीचा प्रसंग आला. श्वास पाहणारा नवखा शिपाई 'सोडा' म्हणाला, आणि त्याच्या फौजदाराने सोडले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको ठाण्यात येऊन भांडली, "नवाकोरा शर्ट फाडलात, भरून कोण देणार?" मॅडमना हे कळले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "फाटक्या शर्टाची तक्रार आली. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला नको." आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

त्या का पाहत राहिल्या, हे सांगितल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही. आमच्या अहवालावरील अंतिम बैठकीला अध्यक्ष महोदय उपस्थित होते. माझे काही चुकत असल्यास त्यांनी इथेच दुरुस्त करावे.

आमच्या अहवालाचे दोन भाग होते. पहिला भाग नवे धोरण. दुसरा भाग म्हणजे एक शिफारस : चौकशीतले ते 'प्रतिकार' असलेले वाक्य बदलावे. बैठकीत सांगण्यात आले, "धोरण जसंच्या तसं मान्य आहे. दुसरा भाग काढा. जुनं प्रकरण उघडलं तर दोन्ही अडकतील." मॅडमनी वेळ मागितला, तो मिळाला नाही. त्यांनी दुसरा भाग काढला आणि सही केली.

ते ताईंना सांगायला त्या स्वतः गेल्या. मी सोबत होतो. ताई उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले. मॅडम म्हणाल्या, "ताई, उद्या कुणाचा तरी भाऊ वाचेल."

"वाचू दे. मी देवाकडे तेच मागते," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ मात्र कागदावर मारामारी करतच मेला."

त्यांनी आम्हाला पाणी दिले, दारापर्यंत सोडायलाही आल्या. पुढे त्यांनी मुदतीआधी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मी कारण विचारले. म्हणाल्या, "लोक या कामासाठी माझं अभिनंदन करतात. ते मला रोज ऐकवत नाही."

आजचे निमंत्रण घेऊन मी ताईंकडे गेलो होतो. त्या आलेल्या नाहीत. त्यांनी निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत पोचवतो : "मॅडमना सांगा, राग नाही. पण टाळ्या वाजवायला माझे हात उठणार नाहीत."

मॅडम, आपण ज्यांना वाचवले आहे, त्यांच्यापैकी कोणीही आपले आभार मानायला येणार नाही, कारण आपण वाचलो हे त्यांना कधी कळणारच नाही. ते आभार मी दलाच्या वतीने मानतो. जी शिफारस अहवालात राहू शकली नाही, तिचे ओझे आपण एकट्याच घेऊन चालला आहात, हे मला पाहवत नाही. समारंभातल्या भाषणाला वरून मंजुरी लागत नाही. म्हणून सदस्य-सचिव या नात्याने, अध्यक्षांच्या आणि आपणा सर्वांच्या समक्ष सांगतो : तो माणूस प्रतिकार करत नव्हता. तो पुरे म्हणत होता.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचा, आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, मानाचा क्रम चुकला असेल, वेळ अधिक घेतला असेल, तर ते माझे उणेपण समजून पोटात घालावे. मघाच्या त्या दोन वाक्यांसाठी मात्र मी क्षमा मागत नाही. ती मी तपासून लिहिली आहेत.