समाप्ती

वाचनालयात पुस्तक बदलायला मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढं गिरणीतला रावजी. खिडकीत ग्रंथपाल नारायणराव मास्तर.

“रावजी, पुन्हा हीच कादंबरी? लोक ताटकळलेत तिच्यासाठी.”

“द्या की मास्तर. आईला वाचून दावतोय. लई आजारी हाय.”

“किती राहिलीय?”

“शेवटलं प्रकरण.”

“मग आज वाचून टाक आणि उद्या आणून दे.”

“तेच करायचं न्हाय मला. आई ह्या पुस्तकाला पोथीवाणी फूल वाहती. म्हनती, समाप्ती झाल्याबिगर ऐकणाऱ्यानं उठायचं नसतंय. म्हनून मी मागलीच पानं परत परत वाचतोय. समाप्ती होईस्तवर ती जायची न्हाय.”

“तिला कळत नाही होय?”

“कळतं की. काल म्हनाली, ‘ह्यो राजपुत्र त्याच भुयारातनं किती डाव पळनार रं?’”

“मग?”

“मग माझा हात धरून म्हनली, ‘लई दुखतंय, रावजी. आता समाप्ती कर.’”

नारायणरावांनी पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं.

“ने. सावकाश आण.”

“न्हाय मास्तर. उद्या आनतो.”