शिंपीणबाईंचा उजवा खिसा

...नाही, मला सांगा, शिट्टीचा खिसा उजवीकडे असतो का कुठे? सगळ्या जगात डावीकडे असतो! पण आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंना विचारा! रोज एक गोष्ट वेगळी करा म्हणे!

आता मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही, तिची खिडकीच माझ्या ओट्यासमोर आहे त्याला मी काय करू? नवरा गेल्यापासून बिचारी मशीनवर नुसती बसून असायची, पाय हलायचा नाही, म्हणून मीच, हो मीच, मलाच अवदसा आठवली, तिला वाचनालयातल्या त्या मन रमवायच्या वर्गात धाडलं. तिथे एक मॅडम, आवाज असा मधात बुडवलेला, "प्रत्येकीच्या आत एक कलाकार झोपलाय, त्याला उठवाऽऽ, रोज एक गोष्ट वेगळी कराऽऽ..." अहो, झोपलाय तर झोपू दे ना! तुमचं काय घेतलंय त्यानं?

उठला तो! पहिल्या दिवशी हिनं दळण डाव्या हातानं उचललं, जिनाभर पीठ. दुसऱ्या दिवशी दाराची कडी खालच्या बाजूला बसवली, आता ही घरात शिरते ती नमस्कार घातल्यासारखी. म्हटलं, असू दे, हसायला तरी लागली. पण तुम्हाला सांगते, इथवर ठीक होतं हो...

आमचे हे अकरा वर्षं एका बँकेच्या दारात वॉचमन. अकरा वर्षं टेंपररी! आणि मंगळवारी मोठे साहेब येणार, गणवेश बघणार, सलाम बघणार, शिट्टी ऐकणार, आणि मग कायम करणार. शर्ट पोटावर ताणायला लागला होता, म्हणून शिंपीणबाईंकडे दिला. फक्त सैल करायचा! तर हिनं काय करावं? शिट्टीचा खिसा उसवून उजवीकडे लावला, शिट्टी आत ठेवून वर कापडी झाकण! "वहिनी, हात गोंधळला की मेंदू जागा होतो!" हे मला कधी सांगितलं? बुधवारी! रोज एक गोष्ट वेगळी करा म्हणे... अगं, स्वतःच्या शर्टाची कर की!

मंगळवारी साहेब समोर उभे. "हं, शिट्टी!" ह्यांचा हात डावीकडे. खिसा नाही! हात छातीवर फिरतोय, फिरतोय, घाम फुटलाय, तोंड उघडं... साहेब ओरडले, "अरे, धरा त्याला! हार्ट अटॅक!" उताणं पाडलं, बटणं तोडली, कुणी तोंडावर पाणी मारलं, आणि हे खालून, "साहेब, खिसा... खिसा..." साहेब म्हणाले, "बघा, भ्रम होतोय!" आठ दिवस सक्तीची रजा, आणि कायम करायचं राहिलं!

आठ दिवस हे आरशासमोर, उजवा हात, उजवा खिसा, फुर्र! शंभरदा! आठव्या दिवशी हात आपसूक जायला लागला. आणि शर्टाची बटणं तेवढी लावायला दिली, तर शिंपीणबाईंना पश्चात्ताप झाला! रडल्या, रात्र जागून खिसा शिट्टीसकट पुन्हा डावीकडे लावला, आणि मला अचानक खूश करायचं म्हणून बोलल्या नाहीत! आता सांगा, हिला काय करावं माणसानं?

दुसरी तपासणी. ह्यांचा हात... उजवीकडे. नाही. डावीकडे. मग घाबरून दोन्हीकडे! साहेबांनी पुढचं बघितलंच नाही, म्हणाले, "ह्या माणसाला उभं ठेवू नका, मला पाप लागेल. कायम करा आणि खुर्चीत बसवा. येणाऱ्यांची नावं लिहू दे."

म्हणजे झाले हो कायम! बसून! आता भांडू कुणाशी? संध्याकाळी तावातावानं गेले तिच्याकडे, आठ दिवसांच्या शिव्या जिभेवर तयार, तर ही दारातच, वाकून, "वहिनी! ऐकलं मी! आता तुमचं काही शिवून देऊ का, फुकट?"

गल्लीत दुसरी शिंपीण नाही. माझा गाऊन शिवायला टाकून आले. एवढंच म्हटलं, "बाई, तुझ्या कलाकाराला सांग... बाह्या दोनच."