आकडा वाढला का?

बसतो की, अनवरीताई, कागद छापून होऊ द्या सावकाश — मला कुठं भीमाशंकरची एसटी धरायचीय? एवढंच सांगा, आकडा वाढला का? — नाही, घाबरून नाही विचारत. सोरायसिसला कोण घाबरतंय आता? जुन्या कातडीची बदली व्हायच्या आत नवी हजर, झालं, खपल्यांची गर्दी — ते डोळ्यांना दिसतं. पण डॉक्टर म्हणतात, आतली आग रक्तात दिसते, म्हणून दर महिन्याला तुमच्या लॅबात रक्त देऊन हा सीआरपी. सहाच्या आत असला तर औषध लागू पडतंय, वर गेला तर आत पेटलंय. गंमत म्हणजे डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत, कागदाकडे बघतात. तक्रार नाही हो — छत्तीस वर्षं कचेरीत मीही कागदच बघितला, समोर माणूस आहे का खुंटी, ते बघायला शिपाई होता.

आमचा ऋषी तसाच, चाकणला कंपनीत असतो तो. फोनवर ‘बाबा, कसे आहात’ नाही — ‘आकडा किती?’ चार म्हटलं की ‘छान, छान’, ठेवला फोन. तीन महिने चारच येत होता, ताई. तीन महिने वारूळवाडीत मी आणि भिंत. मागल्या महिन्यात अठरा आला — तर दुसऱ्या दिवशी दारात, सफरचंदं घेऊन! दोन दिवस राहिला. पाठीला माझा हात पुरत नाही ना, तिथं मलम लावलं त्यानं. शेजारची झुंबरबाई म्हणाली, ‘भाऊ, लई दिसांनी हसताय.’

कसा वाढला? वाढतो आपला — गोळी? घेतो की. दर मंगळवारी एक — म्हणजे काढतो पाकिटातून. कचेरीतली टाचण्यांची डबी आहे घरी, तीत… नऊ असतील. असं बघू नका हो. थोडाच वाढवायचा होता. वीस, बावीस. फाईल बंद पडू नये, एवढंच.

आला कागद? — एकसष्ट? नीट बघा, सहा असेल, पुढचा एक चुकून… नाही? बरं झालं. म्हणजे, वाईट झालं, तेच म्हणतोय मी. ऋषी येईल आता.

सही? आणा की रजिस्टर. माझी सही बघून मामलेदार म्हणायचे, भिमाजी, तुम्ही छापखान्यात जायचं — थांबा, पेन सटकलं. सकाळची बोटं अशीच धरतात, आज शर्टाची बटणं झुंबरबाईनं लावली… गोळी चुकवली तर हे दुखणं सांध्यांत उतरेल, म्हणाले होते डॉक्टर. द्या परत. — वळतच नाहीत.

कचेरीत यायची ना म्हातारी माणसं, त्यांना मी अंगठेबहाद्दर म्हणायचो, ताई. तोंडावर.

शाईचा पॅड आहे? सरकवा इकडे. — आणि तो फोन ठेवा. डॉक्टरांना नंतर लावा. आधी अंगठा घ्या.