मागितलं त्याच्या निम्मं

...नाही, पण मी म्हणतो, यंत्राने माणसाला 'परवानगी नाही' म्हणायचं म्हणजे काय? आणि कोणाला, तर मला? पस्तीस वर्षं ज्याने हेच दोन शब्द दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहिले, त्याला?

तुम्हाला सांगतो, झालं असं. आमच्या हिची एक जुनी कॅसेट आहे, लग्नाआधीची, तिच्यात हिची तीन गाणी. मुलीने ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली, पण गाणं कमी आणि खरखर जास्त, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. ती खरखर काढणारा एक प्रोग्रॅम असतो, आणि तो इतका खादाड की सगळी मेमरी एकटाच गिळतो आणि मग पडद्यावरचा बाणसुद्धा हलत नाही! तीनदा गाडं अडलं, तेव्हा मुलीला फोन केला. म्हणाली, "बाबा, त्याला वेसण घाला. ती काळी खिडकी उघडा, 'यूलिमिट' लिहा, उणे व्ही, पुढे चाळीस लाख. त्याच्यावर त्याला मेमरी मिळणारच नाही. मग त्याच खिडकीतून त्याला चालवा."

चाळीस लाख! आता तुम्हीच सांगा, ज्याने दहा खुर्च्या मागणाऱ्याला पाच दिल्या, आठ दिवस रजा मागणाऱ्याला चार, तो चाळीस लाख लिहील? मागणारा वाढवूनच मागतो, हे आमचं वेदवाक्य. हात आपोआप चालला हो... वीस लाख. मागितलं त्याच्या निम्मं!

प्रोग्रॅम सुरू झाला, अर्ध्यावर आला आणि मेला. मेमरी पुरेना म्हणे. बरं, म्हटलं, होऊ उदार, टाकले चाळीस... तर खाली उत्तर, परवानगी नाही. तीस टाकले. पंचवीस टाकले. अहो, साहेबांपुढे उभं राहिल्यासारखा एकवीसवर आलो! नाही म्हणजे नाही.

पुन्हा फोन. मुलगी हसली. "निम्मे केलेत ना? वाटलंच मला. बाबा, मर्यादा खाली आणायला कोणीही चालतं, ती परत वर न्यायला वरिष्ठ लागतो. आणि त्या खिडकीतून जे जे निघेल त्याला तीच लागू." मग म्हणते, "आईचा रियाज आठवतो?"

न आठवायला काय झालं... नव्या संसारात हिने रोज एक तास मागितला होता. मी म्हटलं, अर्धा. मागितलं त्याच्या निम्मं! मुलगी झाल्यावर पाव. पुढे हिने मागितलंच नाही, आणि मी शहाणा समजत राहिलो की गरज नसावी. अर्ज आला नाही म्हणजे तक्रार नाही, असंच कचेरीत धरायचो ना आम्ही!

"मग आता काय करू गं?"

"काही नाही, ती खिडकी बंद करा, नवी उघडा. तिथे जुनी मर्यादा लागत नाही."

एवढंच! उघडली. चाळीस लाख लिहिले, एक कमी नाही. वीस मिनिटांत खरखर गेली आणि आतून एकोणीस वर्षांची पोरगी गायला लागली हो... वळून बघतो तर ही दारात उभी, हातात ओला फडका.

मला भरून आलं. म्हटलं, "आजपासून रोज एक तास गा. पूर्ण. मंजूर!"

"मंजूर करणारे तुम्ही कोण?"

"बरं, राहिलं. निदान आत्ता दोन गाणी म्हण."

तिने फडका पिळला, झटकला, दोरीवर टाकला, आणि म्हणाली, "एक म्हणेन."

निम्मं!

मी हुज्जत घातली नाही. वर न्यायला वरिष्ठ लागतो, आणि आमच्याकडे वरिष्ठ कोण, ते माझ्या निवृत्तीनंतर का होईना, कळलं. खुर्ची ओढली आणि मिळालं तेवढं ऐकत बसलो.